संख्यांचा दुभाषा

सी भाषेत लिहिलेल्या गणिती लायब्रऱ्या पायथन, आर, लुआ यांसारख्या स्क्रिप्टिंग भाषांतून वापरता याव्यात म्हणून त्यांच्यावर जे एक पातळ आवरण चढवावे लागते, आणि ज्याला आमच्या व्यवसायात सर्रास रॅपर म्हणतात, ते लिहिण्यात माझ्या नोकरीचा बराच मोठा काळ गेला. बाहेरून पाहणाऱ्याला हे काम दुय्यम वाटते. गणित एकाने रचलेले, ते यंत्राला उमगेल अशा रीतीने मांडण्याची मेहनत दुसऱ्याची, आणि त्याच्या आधारे शोधनिबंध लिहिणार तो तिसराच. मधल्यामध्ये रॅपर लिहिणाऱ्याने इकडची संख्या तिकडे आणि तिकडची इकडे पोचती करावयाची, एवढाच या कामाचा अर्थ आहे असा समज मी चांगल्या विद्वान माणसांच्या ठिकाणीही पाहिला आहे. दोन दरबारांच्या मध्ये उभ्या असलेल्या दुभाष्याविषयीही लोकांचा असाच समज असतो. परंतु तहाच्या एखाद्या कलमाचा मजकूर ढिलेपणाने उतरला, तर त्याचा भुर्दंड पुढे किती जणांना आणि किती वर्षे सोसावा लागतो, हे ज्याने जुनी दफ्तरे चाळली आहेत त्याला निराळे सांगावयास नको. संख्येच्या बाबतीत तर धोका अधिकच, कारण चुकीचा शब्द निदान कानाला खटकतो. चुकीची संख्या ही बरोबर संख्येसारखीच दिसते.

पायथनमध्ये काम करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने संख्या ही मोठी सरळ वस्तू असते. तिथला पूर्णांक वाटेल तेवढा मोठा होऊ शकतो, आणि मेमरी पुरेपर्यंत त्याला मर्यादा नाही. दशांश संख्या म्हटली की ती ६४ बिटांची, १९८५ साली कायम झालेल्या आयईईई ७५४ या मानकाप्रमाणे मांडलेली. याहून अधिक विचार करण्याचा प्रसंग त्याच्यावर क्वचित येतो. सीच्या राज्यात मात्र चार (कॅरेक्टर), शॉर्ट, इंट, लाँग, लाँग लाँग, त्या प्रत्येकाचे चिन्हासह आणि बिनचिन्हाचे असे भेद, त्यांवर फ्लोट, डबल, लाँग डबल, असा सगळा पसारा आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांची नेमकी लांबी भाषेच्या मानकाने ठरवून दिलेलीच नाही. किमान मर्यादा तेवढी सांगून बाकीचा अधिकार यंत्राकडे आणि कंपायलरकडे सोपवला आहे. ६४ बिटांच्या लिनक्सवर लाँग ६४ बिटांचा असतो आणि ६४ बिटांच्याच विंडोजवर तो ३२ बिटांचा असतो. साध्या चार या प्रकाराला चिन्ह आहे की नाही हेदेखील यंत्रागणिक बदलते. नमपायसारख्या, पायथनमध्ये सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीने आपला नेहमीचा पूर्णांक सीच्या लाँगवर बेतला होता, त्यामुळे विंडोजवर तो ३२ बिटांचाच राहिला, आणि ही स्थिती २०२४ साली नमपायची २.० ही आवृत्ती निघेपर्यंत कायम होती. मार्गदर्शकांच्या लिनक्सवर बरोबर चाललेली स्क्रिप्ट विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर, गुणाकार दोनशे चौदा कोटींच्या पलीकडे गेला की, भलतीच आणि पुष्कळदा ऋण संख्या देई. आणि बिचारा विद्यार्थी आपले सूत्र पुन्हा पुन्हा तपासत बसे, जिथे यत्किंचितही दोष नव्हता.

नव्याने कामाला लागलेल्या मुलामुलींना हा विषय सांगताना मी नेहमी क्रमगुणिताचे उदाहरण घेते. रॅपर आपोआप तयार करून देणारे स्विग हे साधन डेव्हिड बीझली यांनी १९९५ साली अमेरिकेतील लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत असताना निर्माण केले, आणि त्याच्या प्राथमिक पाठातले उदाहरणही क्रमगुणिताचेच आहे: एक इंट घ्यावयाचा आणि एक इंट परत द्यावयाचा, एवढे छोटे फंक्शन. ते पायथनमधून बोलावून १२चे क्रमगुणित विचारले की ४७,९०,०१,६०० हे बरोबर उत्तर येते. १३चे विचारले की खरे उत्तर ६,२२,७०,२०,८०० असावयास हवे. ते इंटच्या ३२ बिटांत मावत नाही, आणि नेहमीच्या यंत्रावर १,९३,२०,५३,५०४ ही संख्या हाती येते. या उत्तराचा घातकपणा असा की ते वेडेवाकडे दिसत नाही. ते धन आहे, ते १२च्या क्रमगुणितापेक्षा मोठेही आहे, आणि ज्याने हाताने गुणाकार करून पाहिला नाही त्याला संशय येण्याचे कारण नाही. १४पाशी आल्यावर उत्तर १,२७,८९,४५,२८० म्हणजे १३च्या उत्तराहून लहान होते, आणि १७पाशी ते ऋण होते, तेव्हा कुठे वर्गात कुजबुज सुरू होते. मी त्या मुलांना विचारते की यात रॅपरने काय चूक केली? वस्तुतः काहीच नाही. त्याने दिलेली संख्या जशीच्या तशी पोचवली आणि आलेले उत्तर जसेच्या तसे परत आणले. तरीही पायथनच्या वापरणाऱ्याने जो मनाशी धरलेला करार होता, की इथे पूर्णांकाला मर्यादा नसते, तो या व्यवहारात मोडला गेला, आणि मोडला गेल्याची वर्दी त्याला कोणीच दिली नाही. ती वर्दी देण्याच्या जागी त्या संपूर्ण साखळीत एकटा रॅपरच उभा आहे. सीला पायथनची अपेक्षा ठाऊक नाही, आणि पायथनला सीची मर्यादा ठाऊक नाही. १२हून मोठी संख्या आली तर स्पष्ट नकार द्यावा, एवढी एक ओळ त्याने लिहावयास हवी होती.

याच्या उलट प्रकार, म्हणजे रॅपरनेच चुकीचा निरोप सांगण्याचा, पायथनच्या सीटाइप्स या मोड्यूलमध्ये पाहावयास मिळतो. २००६ साली पायथनच्या २.५ आवृत्तीबरोबर ते मूळ संचात दाखल झाले, आणि त्याने रॅपर लिहिणे इतके सुकर केले की एक ओळही सी न लिहिता सीची लायब्ररी उघडता येऊ लागली. परंतु त्याचा एक शिरस्ता आहे: फंक्शन कोणत्या प्रकारची संख्या परत देते हे सांगितले नाही, तर ते इंट देते असे गृहीत धरावयाचे. आता वर्गमूळ काढणारे सीचे फंक्शन घ्या. त्याला २ ही संख्या डबल म्हणून नीट दिली, पण परत येणारी संख्याही डबल आहे हे सांगावयाचे राहिले. ६४ बिटांच्या इंटेल यंत्रावर पूर्णांक उत्तर एका रजिस्टरात ठेवण्याचा आणि दशांश उत्तर दुसऱ्याच रजिस्टरात ठेवण्याचा संकेत आहे, फंक्शन १.४१४२ हे उत्तर इमानाने आपल्या जागी ठेवते, आणि सीटाइप्स दुसऱ्याच खणात हात घालून, आधीच्या कोणत्या तरी कामात तिथे उरलेला आकडा उचलून आणते. आलेला आकडा वर्गमूळाचा अंशही नसतो. त्याचा त्या प्रश्नाशी काहीही संबंध नसतो.

हे दोन्ही प्रकार पुस्तकी म्हणून सोडून देता येतील. जो अनुभव सांगण्यासाठी मी हे लिहावयास बसले तो याहून गुंतागुंतीचा आहे.

ज्या संस्थेत मी नोकरीला होते तिच्याकडे नदीच्या पाणीपातळीच्या नोंदींवर संस्करण करणारी एक जुनी सी लायब्ररी होती. तिच्यातल्या एका फंक्शनला वेळांचा एक अ‍ॅरे आणि पातळ्यांचा एक अ‍ॅरे द्यावयाचा, म्हणजे ते लागोपाठच्या दोन नोंदींमधला पाणी चढण्याचा वेग काढून देत असे. पुराच्या दिवसांत या वेगावर फार काही अवलंबून असते. दोन्ही अ‍ॅरे फ्लोटचे, म्हणजे ३२ बिटांच्या दशांश संख्यांचे होते. पुढे दर मिनिटाला नोंद करणारी नवी उपकरणे नदीकाठी बसली, त्यांच्या नोंदी आजच्या सार्वत्रिक पद्धतीने, म्हणजे १ जानेवारी १९७० पासून लोटलेल्या सेकंदांत वेळ सांगू लागल्या, आणि तरुण संशोधकांना सगळे काम पायथनमधून करावयाचे असल्यामुळे संस्थेने बाहेरच्या एका मंडळींकडून रॅपर करवून घेतले. ते रॅपर पायथनकडून ६४ बिटांच्या संख्या घेई, त्यांचे ३२ बिटांत रूपांतर करी, आणि सीच्या हवाली करी. काम बिनतक्रार चालू होते.

आलेखही सुरेख येत होते. माझ्या मनात शंका आली ती आलेखावरून नव्हे, तर ओळींच्या संख्येवरून: आत जितक्या नोंदी जात होत्या त्यांच्या निम्म्याहूनही कमी वेग बाहेर पडत होते. मी सीच्या हद्दीत शिरल्याबरोबर वेळा छापून पाहिल्या. नमुन्यादाखल २२ जुलै २०२३ची सकाळ घेऊ. ९ वाजून ५६ मिनिटांची वेळ सेकंदांत १,६८,९९,९९,९६० अशी होते आणि ९ वाजून ५७ मिनिटांची १,६९,००,००,०२०. रूपांतरानंतर या दोन्ही वेळा १,६९,००,००,००० झालेल्या दिसल्या. ९:५८ची १,६९,००,००,०८० आणि ९:५९ची १,६९,००,००,१४०, या दोन्ही १,६९,००,००,१२८ झाल्या. दहाच्या ठोक्याची १,६९,००,००,२०० ही वेळ १,६९,००,००,२५६ झाली. याचे कारण एकदा समजले की फार सोपे आहे. फ्लोटच्या अंगी २४ बिटांचीच सूक्ष्मता असते. म्हणून १,६७,७७,२१६ पर्यंतचा प्रत्येक पूर्णांक त्यात अचूक बसतो, त्याच्या पुढे एक वगळून एक, मग चारांतला एक, आणि एकशे सात कोटी ते दोनशे चौदा कोटी या टापूत, जिथे आजच्या सेकंदांची संख्या आहे, तिथे दर १२८ सेकंदांनी एक. मिनिटाचे घड्याळ या रूपांतरात दोन मिनिटांहून मोठ्या टप्प्याचे होऊन गेले होते.

आता परिणाम पाहा. ज्या दोन नोंदींची वेळ एकच झाली, त्यांच्यामधला वेग काढताना शून्याने भागाकार झाला आणि अनंत ही किंमत आली, किंवा पातळीही तीच असली तर ‘संख्या नाही’ अशी, जिला नॅन म्हणतात, ती किंमत आली. पुढच्या स्क्रिप्टमध्ये कोणीतरी सद्हेतूनेच असंभाव्य किमती गाळण्याची तजवीज केली होती, त्यामुळे या सगळ्या गळून गेल्या. आणि ज्या उरल्या, त्या साऱ्या एका मिनिटातल्या चढाला १२८ सेकंदांनी भागून आलेल्या होत्या. म्हणजे उरलेला प्रत्येक वेग खऱ्या वेगाच्या निम्म्याहूनही थोडा कमी होता. जी चूक ओरडून सांगत होती ती पुसली गेली, आणि जी चूक शांतपणे बसली होती तीच तेवढी आलेखावर चढली. तोही कसा, तर गुळगुळीत आणि विश्वासार्ह दिसणारा आलेख.

ज्यांनी ती लायब्ररी लिहिली होती ते शास्त्रज्ञ निवृत्त झाले होते. त्यांना भेटल्याखेरीज तिला हात लावणे मला प्रशस्त वाटेना, म्हणून मी त्यांच्या घरी गेले आणि विचारले, “सर, वेळ फ्लोटमध्ये ठेवण्याचे काही कारण होते का?”

“अहो बाई, आम्ही १९७० पासून कुठे मोजत होतो?” ते म्हणाले. “आमची वेळ एक जूनच्या मध्यरात्रीपासून. ऑक्टोबर संपला तरी आकडा दीड कोटीच्या आत राहतो. फ्लोटला त्यात जड काय आहे? आणि तेव्हा मेमरीची ओढाताण किती होती ते तुम्हाला नाही कळायचे.”

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. फ्लोटमध्ये सेकंद बिनचूक बसतात ते १,६७,७७,२१६ पर्यंत, म्हणजे एकशे चौऱ्याण्णव दिवस. एका पावसाळ्याला ते पुरून उरतात. त्यांची निवड विचारपूर्वक केलेली होती, आणि तीमुळे मेमरीचा खर्च निम्म्यावर आला होता. पण एक जूनचा हा दाखला ना हेडर फाइलीत होता, ना माहितीपत्रकात. तो त्या एका माणसाच्या स्मरणात होता. हेडर फाइल पाहणाऱ्याला दिसत होते ते एवढेच की इथे फ्लोट द्यावा. ज्यांनी रॅपर तयार केले त्यांनी फ्लोट दिला. प्रकार जुळला, कंपायलर समाधान पावला, आणि अर्थ मात्र वाटेतच राहिला.

तेव्हापासून माझे असे ठाम मत झाले आहे की सीच्या फंक्शनची घोषणा म्हणजे पूर्ण करारनामा नव्हे. ती संख्येचा आकार सांगते. संख्येचा आवाका, तिचा आरंभबिंदू, तिचे एकक, कोणत्या किमती तिथे निषिद्ध आहेत, यांविषयी ती मौन पाळते. हा उरलेला करारनामा शोधून काढणे, मूळ लेखक हयात असेल तर त्याला जाऊन विचारणे, नसेल तर त्याच्या चाचण्या आणि जुनी उदाहरणे वाचून अनुमान करणे, आणि मग त्याची अंमलबजावणी रॅपरमध्ये करणे, हे या कामाचे सार आहे. संख्यांची ने-आण हा त्यातला सर्वांत सोपा भाग. आम्ही लायब्ररीला धक्का लावला नाही. रॅपरमध्ये एवढेच केले की पहिल्या नोंदीची वेळ ६४ बिटांतच सगळ्या वेळांतून वजा करावयाची, आणि उरलेले अंतर फ्लोटमध्ये घालावयाचे. आणि घातल्यावर ते पुन्हा ६४ बिटांत आणून मूळ अंतराशी रुजुवात पाहावयाची, एक जरी वेळ जुळली नाही तर काम तिथेच थांबवून ती नोंद नावानिशी दाखवावयाची.

शून्याने भागण्याचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास आपल्या बीजगणितात ज्या राशीचा छेद शून्य आहे तिला खहर म्हटले, आणि तिच्यात काही मिळवले किंवा तिच्यातून काही वजा केले तरी ती विकार पावत नाही असे सांगितले. आयईईई मानकातला अनंत अगदी याच रीतीने वागतो. त्यात कोणतीही सान्त संख्या मिळवा, तो तसाच राहतो. सीमध्ये, आजच्या बहुतेक सर्व यंत्रांवर, १.० ला ०.० ने भागले की हा खहर मिळतो आणि गणित पुढे चालू राहते. पायथन मात्र तोच भागाकार नाकारते आणि एरर देते. दोन्ही मतांच्या बाजूने पुष्कळ बोलता येईल; पण रॅपर लिहिणाऱ्याला दोहोंपैकी कोणते मत आपल्या वापरणाऱ्याचे आहे हे ठरवावेच लागते, कारण न ठरवणे म्हणजे सीचे मत त्याच्या गळी न कळत उतरवणे होय.

नॅनची गोष्ट त्याहून नाजूक. ती ६४ बिटांच्या दशांशात असेपर्यंत स्वतःची ओळख टिकवून असते. परंतु तिला पूर्णांकात उतरवावयास सांगितले की सीचे मानक हात वर करते, आणि पुढे काय घडेल ते यंत्रावर सोडून देते. इंटेलच्या यंत्रावर तिचा ३२ बिटांचा पूर्णांक केला तर सामान्यतः −२,१४,७४,८३,६४८ येतो. एआरएमच्या यंत्रावर शून्य येते. त्यांतले शून्य मला अधिक भयंकर वाटते. पर्जन्यमापकाची नोंद नाही, आणि पाऊस शून्य मिलिमीटर पडला, या दोन विधानांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि एका रूपांतराने तो नाहीसा होतो.

आर भाषेच्या कर्त्यांनी याचा विचार फार आस्थेने केला, असे त्या भाषेचे रॅपर लिहिताना मला वारंवार जाणवले. संख्याशास्त्रज्ञाला ‘नोंद उपलब्ध नाही’ ही किंमत पदोपदी लागते. म्हणून आरमध्ये ती भाषेचीच अंगभूत किंमत आहे. ३२ बिटांच्या पूर्णांकांत तिच्यासाठी तीच सर्वांत लहान संख्या, −२,१४,७४,८३,६४८, राखून ठेवली आहे, आणि दशांशांत एका विशिष्ट खुणेची नॅन. सीकडे गेल्यावर मात्र ही राखीव संख्या नुसती संख्या होते: सरासरी काढणाऱ्या सीच्या फंक्शनला ती दिली, तर गैरहजर असलेला एक माणूस उणे दोनशे चौदा कोटी वयाचा होऊन सरासरीत सामील होतो. म्हणून आरच्या जुन्या, डॉट-सी नावाच्या मार्गाने अशी किंमत पाठवू गेल्यास भाषा मुळातच नकार देते. वापरणाऱ्याने ‘मला चालेल’ असे स्पष्ट लिहून दिले तरच ती वाट मोकळी करते. दुर्दैवाने हा नकार अडचणीचा वाटून तो बंद करून ठेवण्याची चाल मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. नकार येतो आहे म्हणजे आपल्या माहितीत भोक आहे. भोक बुजवावयाचे सोडून सांगणाऱ्याचे तोंड बंद करण्यात कोणते शहाणपण आहे, हे मला अद्यापि उमगलेले नाही.

बिनचिन्हाच्या पूर्णांकांविषयी थोडक्यात सांगते. जीएसएल, म्हणजे ग्नू सायंटिफिक लायब्ररी, ही १९९६ साली लॉस अलामोस येथेच सुरू झाली आणि आजही ती पुष्कळांचा आधार आहे. तिचे क्रमगुणिताचे फंक्शन बिनचिन्हाचा इंट घेते आणि डबल देते. १७०पर्यंतचे क्रमगुणित डबलमध्ये मावते, त्यापुढचे नाही. तिथे बेसावध रॅपरमधून −१ पाठवला की पलीकडे तो ४,२९,४९,६७,२९५ होऊन पोचतो, लायब्ररी प्रामाणिकपणे ‘उत्तर मर्यादेबाहेर’ असे म्हणते, आणि तिची एरर हाताळण्याची मूळची व्यवस्था अशी आहे की कार्यक्रम तिथल्या तिथे संपवून टाकावा. एकट्याने चालणाऱ्या सी कार्यक्रमाच्या दृष्टीने ती व्यवस्था योग्यच आहे. पण सकाळपासून पायथनच्या एका सत्रात बसून काम करणाऱ्या संशोधकाच्या दृष्टीने पाहा: एका उणे चिन्हापायी त्याचे सगळे सत्र, त्यातल्या सगळ्या मध्यंतरीच्या निकालांसह, नाहीसे होते. म्हणून जीएसएलचे रॅपर लिहिणाऱ्याने प्रथम तिची ती व्यवस्था बंद करावी, एररचा क्रमांक स्वतः वाचावा, आणि ऋण संख्येला सरहद्दीवरच अडवून ‘ऋण संख्येचे क्रमगुणित नसते’ असे वापरणाऱ्याच्या भाषेत सांगावे.

चांगला नमुना कोणता, असे मला कोणी विचारले तर मी पायथनचेच मॅथ मोड्यूल दाखवते, कारण तेही बव्हंशी सीच्या गणिती लायब्ररीवरचे रॅपरच आहे. सीमध्ये −१चे वर्गमूळ विचारले की मुकाट्याने नॅन येते. मॅथ मोड्यूल आलेले उत्तर तपासते, दिलेली संख्या धड असून उत्तर नॅन आले आहे असे पाहते, आणि मागणीच गैर आहे अशी एरर देते. इ या संख्येचा हजारावा घात विचारला तर सी अनंत देते. मॅथ मोड्यूल मर्यादा ओलांडल्याचे सांगते. लुआने २०१५ साली आपल्या ५.३ या आवृत्तीत पूर्णांक आणि दशांश असे दोन भेद प्रथम आणले, तेव्हा तिनेही हाच बाणा ठेवला: जिथे पूर्णांक हवा तिथे ३.० दिला तर ती तो ३ म्हणून स्वीकारते, ३.५ दिला तर या संख्येला पूर्णांकरूप नाही असे म्हणून परत पाठवते. जे रूपांतर अचूक होते ते विनातक्रार करावे आणि जे होत नाही ते करूच नये, हा नियम इतका साधा आहे की त्याला अपवाद शोधण्याचे कारण मला फारसे पडलेले नाही.

याला एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो टाकाऊ नाही. कोट्यवधी संख्यांच्या अ‍ॅरेतली प्रत्येक संख्या तपासावयाची म्हटल्यावर वेग कमी होणार. आणि सीची लायब्ररी वापरण्याचे प्रयोजनच मुळी वेग हे आहे. माझा अनुभव असा की अ‍ॅरेवरून एकदा फिरून येण्याचा खर्च, त्याच्यावर पुढे जे गणित व्हावयाचे असते त्याच्या मानाने, बहुधा नगण्य असतो. आणि जिथे तो नसतो, तिथे तपासणीविना चालणारे दुसरे फंक्शन निराळ्या आणि स्पष्ट नावाने द्यावे, म्हणजे जो ते वापरील तो जाणूनबुजून वापरील. नेहमीच्या नावाखाली मात्र तपासलेलेच फंक्शन असावे. शीघ्रता हा गुण खराच, पण तो निवडण्याचा अधिकार ज्याच्या संख्या आहेत त्याचा आहे; आपण त्याच्या वतीने परस्पर तो निवडू नये.

आज आपल्याकडच्या महाविद्यालयांत आणि संशोधनसंस्थांत जुन्या सी लायब्रऱ्यांवर रॅपर चढवण्याचे काम पुष्कळ मुले करीत आहेत, आणि ते करावयास हवेच, कारण त्या लायब्रऱ्यांत एका पिढीची विद्या साठलेली आहे. त्यांना माझी विनंती एवढीच आहे की आपले रॅपर दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी त्यातून −१ पाठवून पाहा, २,१४,७४,८३,६४८ पाठवून पाहा, १,६७,७७,२१७ पाठवून पाहा, २चा त्रेपन्नावा घात आणि त्यात एक मिळवून येणारी ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९३ ही संख्या, जी डबलमध्येही अचूक बसत नाही, ती पाठवून पाहा, आणि शेवटी एक नॅन व एक अनंत पाठवा. या प्रत्येकाला एक तर बरोबर उत्तर आले पाहिजे किंवा वापरणाऱ्याला कळेल असा नकार आला पाहिजे. आणि लायब्ररी लिहिणारे कोणी अजून भेटण्यासारखे असतील, तर त्यांना लवकर जाऊन भेटा, आणि ते सांगतील ते हेडर फाइलीत लिहून ठेवा.